रॅम वाढवण्यापूर्वी आणि वाढवताना: जुना लॅपटॉप उशिरा सुरू होत असेल तर

लॅपटॉप सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लागू लागली की पहिला सल्ला मिळतो तो रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, वाढवण्याचा. हा सल्ला सरसकट चुकीचा नाही, पण सुरू व्हायला लागणारा उशीर आणि रॅमची कमतरता या दोन वेगळ्या अडचणी आहेत, आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडेलच असे नाही. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी वेळ नेमका कुठे जातो आहे हे मोजून घ्यावे. खालील माहिती २०१४ च्या सुमारास घेतलेला, इंटेलच्या चौथ्या पिढीचा कोअर आय५-४२१०यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १० असलेला लॅपटॉप समोर ठेवून दिली आहे. अशी यंत्रे आजही अनेक घरांत वापरात आहेत आणि नीट दुरुस्त केली तर ती आणखी काही वर्षे सहज चालू शकतात.

मोजताना लॅपटॉप शटडाऊन करून पुन्हा चालू करू नये, तर रीस्टार्ट करावा. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असते तेव्हा शटडाऊन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे प्रणाली खऱ्या अर्थाने पहिल्यापासून सुरू होते ती फक्त रीस्टार्टनंतर. कित्येक महिने रोज रात्री शटडाऊन केलेल्या लॅपटॉपमध्ये अडकून पडलेला एखादा ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) एका रीस्टार्टने मोकळा होतो, तो याच कारणामुळे.

डेस्कटॉप दिसू लागल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि स्टार्टअप या पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ हा आकडा पाहावा. विंडोजच्या हाती कारभार जाण्यापूर्वी यंत्राच्या स्वतःच्या तपासणीत किती सेकंद गेले हे त्यातून कळते. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेले असेल तर हा आकडा दिसत नाही. तो दहा-बारा सेकंदांच्या आत असेल तर त्या टप्प्याकडे पुन्हा वळण्याची गरज नाही. तो वीस-तीस सेकंदांच्या पुढे असेल तर मात्र विंडोजमध्ये काहीही बदलून उपयोग होणार नाही: यूएसबीला लावलेली बाह्य डिस्क काढून पाहावी, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रणालीत) नेटवर्कवरून बूट होण्याचा, म्हणजे सुरू होण्याचा पर्याय यादीत सर्वांत वर नाही ना हे तपासावे, आणि हार्ड डिस्क ओळखली जायलाच वेळ लागतो आहे का याची शंका मनात ठेवावी.

पुढचा टप्पा इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत नोंदवलेला असतो, पण तो फार थोडे लोक उघडतात. त्यात अॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स आणि ऑपरेशनल अशा क्रमाने गेले की १०० क्रमांकाची नोंद सापडते. तिच्या तपशिलात दोन आकडे मिलिसेकंदांत दिलेले असतात: एक डेस्कटॉप येईपर्यंतचा आणि दुसरा त्यानंतर यंत्र शांत होईपर्यंतचा. पहिला आकडा मोठा असेल तर ड्रायव्हर, सेवा किंवा डिस्क यांच्याकडे बोट जाते. दुसरा मोठा असेल तर आपोआप सुरू होणारी सॉफ्टवेअर. १०१ पासून पुढच्या क्रमांकांच्या नोंदींत उशीर करणाऱ्या प्रोग्रामचे, ड्रायव्हरचे किंवा सेवेचे नावही दिलेले असते, त्यामुळे अंदाजाने एकेक गोष्ट बंद करत बसावे लागत नाही.

आता टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्कचा आलेख पाहावा. सुरू झाल्यानंतर कितीतरी मिनिटे तो शंभर टक्क्यांवर आणि प्रत्यक्ष वाचन मात्र सेकंदाला एक-दोन एमबी, असे चित्र असेल तर कारण जवळजवळ नक्की झाले. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला एका फेरीसाठी ११ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारे टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ वेगळा; विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली डिस्कवर विखुरलेल्या जागांवरून वाचाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी हा वेळ मोजावा लागतो. रॅम कितीही वाढवली तरी पहिल्यांदा वाचायच्या या फायली डिस्कवरूनच येणार. म्हणून एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर ते एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

रॅमची खरी गरज ओळखण्यासाठी नेहमीचे काम उघडून मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’ हा, म्हणजे चालू प्रोग्रामांनी मागितलेल्या एकूण मेमरीचा, आकडा पाहावा. ४ जीबीच्या यंत्रात तो ६ जीबीच्या आसपास राहत असेल तर बराचसा मजकूर रॅममधून डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ढकलला जातो आहे, आणि तीही त्याच संथ डिस्कवर. दोन्ही अडचणी इथे एकमेकींत मिसळतात, आणि अशा वेळी रॅम वाढवल्याने डेस्कटॉप आल्यानंतरचा रखडलेपणा ठळकपणे कमी होतो. ब्राउझर, ऑफिस आणि व्हिडिओ कॉल एवढ्या वापराला ८ जीबी पुरते.

त्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर किती खाचा भरल्या आहेत हे दिसते. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असे असेल तर रॅम मदरबोर्डवरच डाखलेली आहे; अशा लॅपटॉपमध्ये रिकामी खाच आहे की नाही हे झाकण उघडून किंवा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहिल्याखेरीज खरेदी करू नये. ३२-बिटचे विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वापरलीच जाणार नाही, तेव्हा आधी ६४-बिटचे बसवावे लागेल.

खरेदीत सर्वाधिक चुका होतात, म्हणून रॅमच्या कांडीवरचे लेबल बारकाईने वाचावे. वर सांगितलेल्या प्रोसेसरला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल रॅम लागते. साधी डीडीआर३ कांडी १.५ व्होल्टची असते, पण तिलाही २०४ पिनाच असतात आणि तिच्या कडेची चीरही त्याच जागी असते, त्यामुळे ती व्यवस्थित बसते आणि लॅपटॉप मात्र सुरू होत नाही. लेबलवर ‘पीसी३एल-१२८००एस’ असे हवे. त्यातला ‘एल’ महत्त्वाचा आहे. दुसरी खूण चिपांची: चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला ८ जीबीच्या कांडीवर दोन्ही बाजूंना आठ-आठ, म्हणजे १६ चिपा असलेली आणि लेबलवर ‘२आर×८’ लिहिलेली कांडी चालते, आठच चिपांची ८ जीबीची कांडी बहुधा ओळखली जात नाही. एका खाचेत ८ जीबीपेक्षा मोठी कांडी या पिढीत चालत नाही. २०१६ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपांत २६० पिनांची डीडीआर४ असते आणि ती डीडीआर३च्या खाचेत बसतच नाही. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुनी डीडीआर३एल स्वस्तात मिळते. ती घ्यायला हरकत नाही, पण बदलून देण्याची हमी लेखी घ्यावी आणि शक्य असेल तर लॅपटॉप सोबत न्यावा.

बसवण्याचे काम अवघड नाही. चार्जर काढावा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढावी आणि मग चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. बॅटरी आतच असेल तर झाकण उघडल्यावर सर्वांत आधी तिचा जोड सोडवावा. हे काम गादीवर किंवा गालिच्यावर करू नये. टेबलावर करावे आणि कांडीला हात लावण्यापूर्वी नळासारख्या एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. कांडी फक्त कडांनी धरून, तिच्या कडेची चीर स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून, सुमारे तीस अंशांच्या कोनात आत सरकवावी. सोनेरी पट्ट्यांची केवळ बारीक रेघ बाहेर दिसेल इतकी ती आत गेली पाहिजे. मग वरून हलकेच दाबले की दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या पकडी टक् असा आवाज करून बसतात. जोर लावावा लागत असेल तर कोन चुकला आहे असे समजावे.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा थोडा वेळ काळा राहू शकतो, तेव्हा घाईने बटण दाबू नये. दोन मिनिटांनंतरही काही दिसले नाही तर वीज पूर्ण तोडून कांडी काढून पुन्हा बसवावी आणि दोन कांड्या असतील तर एकेक लावून पाहावी. कोकणासारख्या दमट हवेत जुन्या कांडीच्या पट्ट्यांवर मळकट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पट्ट्या पुसून पूर्ण वाळू द्याव्यात. सुरू झाल्यावर रॅमचा पूर्ण आकडा दिसतो याची खात्री करून विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवावे आणि जुनी कांडी घेतली असेल तर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवावे. त्यात एकही चूक दाखवली गेली तर कांडी परत करावी, कारण असा दोष पुढे निळ्या पडद्याच्या किंवा बिघडलेल्या फायलींच्या रूपाने डोके वर काढतो.

राहिला डिस्कचा प्रश्न. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिअॅलोकेटेड सेक्टर्स’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे वाढत असतील तर बाकी सर्व थांबवून आधी फोटो, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. डिस्क निरोगी असेल तर तिची नक्कल २.५ इंची साटा एसएसडीवर करून घेता येते. ७ मिलिमीटर जाडीची एसएसडी जुन्या ९.५ मिलिमीटरच्या जागेत पातळ पट्टी लावून घट्ट बसवता येते. स्टार्टअपच्या यादीतून प्रिंटरचे, फोनचे, गाण्यांचे प्रोग्राम बंद करावेत आणि दोन अँटीव्हायरस असतील तर एक पूर्णपणे काढून टाकावा. टचपॅड आणि आवाजाचे ड्रायव्हर मात्र चालू ठेवावेत.

चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. एसएसडी बसवतानाच तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी दुसरी प्रणाली घालावी का हा विचार म्हणूनच नक्कल करण्यापूर्वी करावा. पेनड्राइव्हवरून ती न बसवताच चालवून वायफाय, आवाज आणि मराठी टंकलेखन जमते का हे आधी पाहता येते.