ग्रामसभेला जाताय? मग या चुका टाळा

ग्रामपंचायतीचं मतदान पाच वर्षांतून एकदा येतं आणि त्यासाठी मुंबई-पुण्याहून गाड्या करून माणसं गावी येतात. ग्रामसभा आर्थिक वर्षात किमान चार वेळा भरते, तिला मात्र शेजारच्या आळीतली माणसं उठून येत नाहीत. आणि जी येतात ती त्याच त्या चुका करतात. बचत गटांच्या कामामुळे मला गावोगावच्या सभांना बसावं लागतं. तेच तेच पाहून आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ग्रामपंचायत म्हणजे सरपंच आणि निवडून दिलेले सदस्य. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेले आपण सगळे. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली, तेव्हापासून ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा आहे. गावाच्या विकास आराखड्याला मंजुरी देणं, योजनांचे लाभार्थी निवडणं ही तिची कामं. सभेत काय ठरलं याचा पुरावा एकच, इतिवृत्ताची वही. गावात तिला प्रोसिडिंग म्हणतात. त्या वहीत आलं ते झालं, नाही आलं ते झालंच नाही. पुढच्या बहुतेक चुका या वहीकडे पाठ फिरवल्यामुळे होतात.

सही करून घरी जाणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात जास्त लोक हीच करतात. सभेला कोरम लागतो. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे हजर हवेत. म्हणून शिपाई सुरुवातीलाच वही फिरवतो. लोक सही ठोकतात आणि "हजेरी लागली" म्हणून चालू लागतात. त्यांची सही मात्र सभेत बसून राहते.

एका गावातली गोष्ट सांगते. गावाचं नाव लिहीत नाही, पण तिथल्या बायका माझ्या रोजच्या ओळखीच्या आहेत. 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं, शाळेच्या व्हरांड्यातच सभा भरली, सव्वाशेच्या आसपास सह्या झाल्या. खाऊ वाटला आणि पाऊण गाव घरी गेलं. दिवाळीनंतर गावाच्या वरच्या माळावर पोकलेन आलं. खडी क्रशरसाठी. लोक पंचायतीवर धावले, तर समोर ठराव ठेवला गेला: ग्रामसभेने सर्वानुमते ना हरकत दिलेली आहे.

आम्ही त्या पानाची नक्कल काढली. वरचे सगळे ठराव ऐसपैस अक्षरात, ओळ सोडून लिहिलेले. शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" या मथळ्याखाली, पानाच्या तळाला उरलेल्या जागेत, चिकटून चिकटून लिहिलेल्या चार ओळी. त्या चार ओळींत क्रशर. सूचक म्हणून ज्यांचं नाव घातलं होतं ते गृहस्थ त्या दिवशी सही करून सोयाबीनवर फवारणीला गेले होते. त्यांना आपण काही सुचवलंय हे आमच्याकडूनच कळलं. पण सही त्यांचीच, अस्सल. बाकीच्या सगळ्या सह्याही अस्सल. "आमची फसवणूक झाली" म्हणायला गेलं की समोरचा एकच प्रश्न विचारायचा: ही सही तुमची आहे ना?

पुढे पंचायत समितीत लेखी तक्रार, गटविकास अधिकाऱ्यांपर्यंत खेपा, विशेष ग्रामसभा, तिथे आधीचा ठराव रद्द करणारा नवा ठराव, मग ती नक्कल घेऊन तहसील. मशीन हललं, पण तोवर माळाची एक कड कापून झाली होती आणि खालच्या दोन विहिरींत दगडाची भुकटी उतरली होती. सभेत तासभर बसले असते तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

माझी सवय अशी: सही करते तेव्हा शेजारी वेळ टाकते. शेवटचा विषय संपेपर्यंत जागा सोडत नाही. सभा संपली की ठराव वाचून दाखवा असं उभं राहून म्हणते, आणि शेवटच्या ओळीखाली रिकामी जागा उरली असेल तर तिथे आडवी रेघ मारून अध्यक्षांची सही घ्यायला लावते. मग मोबाईलवर त्या पानाचा फोटो. यात भांडण काही नाही. चांगल्या ग्रामसेवकाला हे आवडतंच, कारण उद्या किटाळ त्याच्यावरही येतं. जो चिडतो त्याच्या गावात तर फोटो काढायलाच हवा.

तोंडी बोलून समाधान मानणं

सभेत पाण्यावरून आरडाओरडा होतो. "नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं!" दहाजण एकदम बोलतात. सरपंच म्हणतात, बघतो. सगळ्यांना वाटतं, आज चांगलं खडसावलं. पुढच्या सभेत वही उघडावी तर लिहिलेलं असतं: "पाणीपुरवठा या विषयावर चर्चा झाली." चर्चा झाली हा काही ठराव नव्हे. कोणतं काम, कोणत्या निधीतून, कोण करणार, कधीपर्यंत, हे चार तपशील असलेला, सूचक-अनुमोदकाचं नाव असलेला मजकूर म्हणजे ठराव.

म्हणून विषय आधी लेखी द्या. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. तिची वाट न बघता त्याच्याही आधी पंचायतीत अर्ज टाका की अमुक विषय अजेंड्यावर घ्यावा. अर्जाच्या दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच आपल्याकडे. "पोच कशाला, विश्वास नाही का" असं कुणी म्हणालं तर हसून म्हणायचं, नियम आहे, द्या. पोच मिळाल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

आमच्या एका गटातल्या आजींना अक्षरओळख बेताची. त्यांनी नातीकडून ठरावाचा मसुदा लिहून घेतला: स्मशानभूमीच्या वाटेवरचा ओढा, त्यावर नळ्या टाकून मोरी, पावसाळ्याआधी. सभेत उभ्या राहिल्या, कागद नातीने वाचला, शेजारणीने अनुमोदन दिलं, आणि आजी ग्रामसेवकाच्या खुर्चीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मजकूर वहीत जसाच्या तसा उतरेपर्यंत हलल्या नाहीत. मोरी झाली. त्याच सभेत सगळ्यात मोठ्याने बोललेल्या तरुणाचं एकही वाक्य वहीत नाही.

या तरुणांबद्दलही लिहायला हवं, कारण त्यांची मला खरंच काळजी वाटते. पहिल्यांदाच सभेला येतात ते मोबाईलवर लाइव्ह सुरू करून, आणि पहिलाच प्रश्न "दहा वर्षांचा हिशोब द्या". हिशोब मिळत नाही, गोंधळ होतो, सभा उधळते, आणि सभा उधळली की ज्यांना काही लपवायचंय त्यांचंच फावतं. पुढच्या सभेला हे तरुण नसतात. दहा वर्षांचा नको, गेल्या वर्षीच्या एका कामाचा हिशोब मागा. एक रस्ता निवडा. किती मंजूर, किती खर्च, ठेकेदार कोण, मोजमाप कुणी केलं. उत्तर मिळेपर्यंत तोच रस्ता धरून बसा.

महिला सभा कागदावर होऊ देणं

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती होते ती अशी: वही घरोघर फिरते, चुलीपुढून हात पुसत बाई सही करते, झाली सभा. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना मिळून इतकी वर्षं झाली, तरी ही वही अजून फिरतेच आहे. वही घरी आली तर सही करू नका. सभा किती वाजता आणि कुठे ते विचारा, आणि चार जणी मिळून तिथे जाऊन बसा.

दारूबंदीच्या मतदानात गैरहजेरी किती महाग पडते ते पाहा. मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. ती जिंकायला मोजणी एकूण महिला मतदारांवर होते, आलेल्या बायकांवर नाही. यादीतल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यायला हवं. घरी राहिलेली प्रत्येक बाई दुकान चालू ठेवायला मदत करते, तिची इच्छा असो वा नसो. मतदानाआधी यादीतल्या मयत आणि लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं रीतसर कमी करून घेतली नाहीत, तर तीही विरोधातच धरली जातात. यादीचं हे काम कंटाळवाणं आहे, आणि लढाई तिथेच जिंकली जाते.

निधी न समजता मागणी करणं

सभामंडप हवा, कमान हवी, असे विषय घेऊन लोक वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणाऱ्या, पैशावर तुटून पडतात. 15 व्या वित्त आयोगात 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, तो दुसरीकडे वळवताच येत नव्हता. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे आकडे पाठ करा. "आमच्यासाठी काही करा" म्हणण्यापेक्षा "गेल्या वर्षीचे 5 टक्के कुणाला दिले, यादी वाचा" असं विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. गावाचा आराखडा ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. सभेच्या आदल्या रात्री उघडून बघा.

बाकीच्या चुका

तहकूब सभेला न जाणं. कोरमअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरम लागत नाही. आधी जो विषय गर्दीत मंजूर झाला नसता तो तिथे पंधरा माणसांत होतो.

फक्त घरकुलाची यादी असेल तेव्हाच येणं. मग यादीचे निकष कधी वाचले गेले तेच माहीत नसतं.

मासिक सभा आणि ग्रामसभा यांत गल्लत करणं. मासिक सभा सदस्यांची. तिथला ठराव ग्रामसभेचा ठराव म्हणून दाखवला तर अडवा.

"सरपंच सभाच घेत नाहीत" म्हणत पारावर बसणं. पुरेशा कारणाशिवाय ठरलेली सभा न घेतल्यास सरपंचपद जाऊ शकतं. तक्रार लेखी करा.

थेट आमदाराला फोन लावणं. काम एखादवेळी होतं, पण पुढच्या कामालाही परत फोनच लावावा लागतो, आणि गावाची वही कोरी राहते.

नाव शहरातल्या यादीत आणि हक्क गावात सांगणं. गावच्या मतदार यादीत नाव नसेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य नाही, सातबारा कितीही मोठा असो. दोन्हीकडे नाव ठेवणं तर कायद्यालाच मान्य नाही.

माहिती अधिकार पहिल्याच दिवशी उपसणं. आधी साधा अर्ज करून नक्कल मागा, बहुतेक वेळा मिळते. नाही मिळाली तर 10 रुपयांचं शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, आणि त्यात "सर्व कागदपत्रे द्यावीत" असं मोघम लिहू नका. सभेची तारीख, विषय आणि शक्य असेल तर ठराव क्रमांक लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की पहिलं अपील करा. पोच इथेही घ्या.