घोडा वाचवताना या चुका टाळा: गोदाकाठच्या प्राणीप्रेमींसाठी

तुळशीचं लग्न लागलं की नाशिकच्या मंगल कार्यालयांसमोर घोड्या सजून उभ्या राहतात. आषाढात लग्नसराई संपते आणि त्यांतलीच काही जनावरं गोदाकाठी, रिंग रोडच्या रिकाम्या प्लॉटवर, कचऱ्याच्या ढिगापाशी तोंड घालताना दिसतात. त्यांना बघून गाडी थांबवणारी माणसं या शहरात आहेत, आणि ती आहेत म्हणूनच हे लिहितोय. उपाशी घोडा वाचवायला गेल्यावर घात होतो तो बहुतेकदा घाईमुळे. आधी त्याला खाऊ घालायची घाई, मग तो कुणाच्या तरी पदरात टाकायची घाई.

पोटभर चंदी (धान्याचा खुराक)

सगळ्यात जीवघेणी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. अनेक आठवडे उपाशी राहिलेला घोडा स्वतःची चरबी आणि नंतर स्नायू जाळून जगत असतो. शरीरातला फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियमचा साठा तळाला गेलेला असतो. अशा वेळी त्याच्यापुढे हरभरे, गूळ, मक्याचा भरडा, घरच्या पोळ्या ठेवल्या की रक्तात इन्सुलिन उसळतं आणि उरलीसुरली खनिजं रक्तातून पेशींत ओढली जातात. मग हृदय आणि श्वास दगा देतात. पहिले दोन दिवस घोडा तरतरीत दिसतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास कोसळतो आणि लोक म्हणतात, ‘नशिबात नव्हतं.’

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी यावर अभ्यास केला. उपाशी घोड्यांसाठी त्यांना सगळ्यात सुरक्षित आढळला तो वाळवलेला लसूणघास. पहिले तीन दिवस साधारण अर्धा किलो, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. त्यानंतर दहाव्या दिवसापर्यंत हळूहळू वाढवत न्यायचं. धान्याचा एक दाणाही नाही. आपल्याकडे दुधाचा धंदा करणारे शेतकरी लसूणघास लावतात, त्यांच्याकडे विचारा. मिळेपर्यंत स्वच्छ, कोरडं गवत चालेल. पाणी बादलीनं थोडं थोडं, पण वारंवार द्या. रात्री दोनचा घास चुकवू नका. पाळी लावायला चार माणसं नसतील, तर आधी ती जमवा.

नाशिक जिल्ह्यात आणखी एक धोका आहे, कांद्याचा. चाळीतला सडका कांदा रस्त्याकडेला ओतलेला असतो आणि मोकाट घोडा त्यावर येतो. कांद्यामुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात, हिरड्या फिक्या पडतात, लघवी तपकिरी होते. बुरशी लागलेला मका तर थेट मेंदूवर जातो आणि त्याला इलाज नाही. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पोटात गेलेलं तोंडावाटे बाहेर काढायची सोयच नाही. तो सारखा कुशीकडे बघतोय, पुढच्या पायानं जमीन उकरतोय, लोळतोय, लीद टाकत नाहीये, तर हा पोटशूळ आहे. खाणं बंद करा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२.

बेवारस समजून घोडा उचलून आणणं

चातुर्मासात कित्येक घोडेवाले जनावरं मुद्दाम चरायला सोडतात. मालक असलेला घोडा न विचारता नेला तर ती चोरी ठरते, आणि हाल करणारा मालक फिर्यादी होऊन बसतो. पायबंदाचा (पाय बांधायच्या दोरीचा) ताजा वळ, नवी नाल, खोगिराची जखम या मालक असल्याच्या खुणा नीट बघा, फोटो काढा, आसपासच्या टपरीवाल्यांना विचारा.

खरंच हाल असतील तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ उपाशी ठेवणं आणि सोडून देणं या दोन्हींना लागू होतं. पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त दहा ते पन्नास रुपये. ही रक्कम वाचून संताप येतो, पण तक्रारीचं मोल दंडात नाही, ताब्यात आहे. पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल झाला, की याच कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार खटला चालू असेपर्यंत जनावर संस्थेकडे किंवा पांजरपोळात ठेवता येतं. कोंडवाड्यात गेलेल्या घोड्याची मात्र रोज चौकशी ठेवा. मालक न आल्यास त्याचा लिलाव होऊ शकतो.

आल्या आल्या बाकीच्या घोड्यांत बांधणं

ग्लँडर्स हा आजार माणसालाही होतो. नाकातून घट्ट स्राव, नाकात व्रण, पायावर ओळीनं उठलेल्या गाठी ही त्याची लक्षणं. लस नाही, उपचार करत नाहीत, आणि निदान पक्कं झालं तर घोड्याला कायद्यानं दयामरण द्यावं लागतं. म्हणून नवा घोडा तीन-चार आठवडे वेगळा ठेवा. त्याची बादली, तोबरा (तोंडाला बांधायची चाऱ्याची पिशवी), खरारा (अंग घासायचा ब्रश) वेगळा, हाताळताना हातमोजे. रक्ताचा नमुना पशुसंवर्धन विभागामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. अंगावर जखम असेल तर धनुर्वाताची लस विसरू नका. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

‘खातो, पण अंगी लागत नाही’

आधी तोंड बघा. गवत चघळून त्याचे ओले गोळे जमिनीवर पडत असतील तर दाढांना धार आली आहे, त्या घासून घ्याव्या लागतील. दात ठीक असतील तर रक्त तपासा. पावसाळ्यात गोमाशांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. ताप येतो-जातो, पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो, घोडा झिजत जातो. जंताचं औषध मात्र पहिल्याच दिवशी पाजू नका. अशक्त घोड्याला ते कधी द्यायचं हे डॉक्टर ठरवतील. वाढलेले खूर एका बैठकीत कापू नका. नालबंदाला दर काही आठवड्यांनी थोडे थोडे उतरवू द्या.

थंडीत डोळ्यांवर विसंबू नका. निफाडकडे पारा घसरतो तेव्हा घोड्याची लव दाट होते आणि बरगड्या झाकल्या जातात. तळहात सपाट ठेवून बरगड्यांवरून फिरवा. बोटांना खाच लागली तर तो अजून बारीकच आहे.

दया येऊन मालकाकडून विकत घेणं

हे कुणाला आवडणार नाही, तरी सांगतो. मरतुकड्या घोड्याचे पैसे मोजले की तोच मालक येवल्याच्या मंगळवारच्या बाजारातून दुसरा घोडा आणतो. पैसे न देता घोड्यावरचा हक्क सोडल्याचं लेखी त्यागपत्र घ्या. जनावर अंगावर पडलेलं असतं तेव्हा पुष्कळ मालक ते लिहून देतात.

घर शोधताना फार्महाऊसची हिरवळ बघून भुलू नका. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. रोज पंचवीस ते चाळीस लिटर पाणी, वजनाच्या दोन टक्के चारा, नालबंद आणि मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) यांचा खर्च कोण करणार, हे आधी विचारा. घोडा कळपातला प्राणी आहे, त्यामुळे एकटाच राहणार असेल तर सोबतीला निदान गाढव हवं. नर असेल तर खच्चीकरण करूनच द्या. अंगावरचे केसांचे भोवरे देताना दाखवा, करारात लिहा आणि त्यांचे फोटो जोडा. पुढे अदलाबदल झाली तर घोडा त्यांवरूनच ओळखता येईल. शिवाय ‘अशुभ’ भोवरा आहे म्हणून घोडा परत करणारे लोक आजही भेटतात, त्यांची मनं देण्याआधीच कळतील. करारात आणखी दोन अटी घाला: विकायचा नाही, वरातीला भाड्यानं द्यायचा नाही. आणि ठेवणं जमेनासं झालं तर घोडा तुमच्याकडेच परत येईल हेही लिहून घ्या, त्यासाठी तबेल्यात एक जागा मोकळी ठेवा.