पुण्याहून बसने मुंबईचे विमान गाठताना या चुका टाळा

मुंबईहून सुटणारे विमान चुकले की पुण्यातली बहुतेक मंडळी खंडाळ्याच्या घाटाला दोष देतात. घाटाचा वाटा असतोच, पण पुष्कळदा हिशेब त्याआधी घरी बसून बसचे तिकीट काढतानाच फसलेला असतो.

सर्वांत महागात पडते ती तारखेची चूक. परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे तिकिटावर 15 तारीख आणि 01:25 ही वेळ छापलेली असेल, तर घर सोडायचे असते 14 तारखेच्या दुपारी. आमच्या नात्यातल्या एका जोडप्याने 15 तारखेच्या संध्याकाळची बस घेतली होती. 14 तारखेला रात्री साडेआठला दोघे निवांत जेवत असताना मुलाचा दुबईहून फोन आला, ‘सामान दिलं का काउंटरवर?’ टॅक्सी करून ते पोहोचले खरे, पण काउंटर बंद होऊन दहा मिनिटे झाली होती.

दुसरी चूक म्हणजे विमान सुटण्याच्या वेळेवरून मागे मोजणे. मोजायचे ते काउंटरच्या वेळेवरून, कारण सामान घेणे साधारणपणे तासभर आधीच थांबते आणि आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी हजर राहणे शहाणपणाचे असते. द्रुतगती मार्ग सुमारे 94.5 किलोमीटरचा आहे, पण ते अंतर किवळे ते कळंबोली एवढेच असून खरा वेळ जातो तो दोन्ही टोकांच्या शहरांत. त्यातच स्वारगेटहून सुटलेली खासगी बस वाटेत प्रवासी घेत घेत वाकडपर्यंत पोहोचेतो बराच वेळ खर्ची पडतो. म्हणून 01:25 च्या विमानासाठी सव्वादहापर्यंत टर्मिनल गाठायचे, प्रवासाला साडेचार तास धरायचे आणि वर दीड-दोन तास राखून ठेवायचे, म्हणजे चारच्या सुमाराची बस पकडावी लागते. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून परतणाऱ्या गाड्यांची भर पडते, पावसाळ्यात दरडींची धास्ती असते आणि कधी कामासाठी भर दुपारी वाहतूक रोखली जाते. अशा दिवशी आधीची बस धरलेली बरी.

आता प्रश्न कुठे उतरायचे याचा. ‘मुंबई एअरपोर्ट’ एवढ्या शब्दांवर विसंबू नये. सहारचे टर्मिनल 2 आणि सांताक्रूझचे टर्मिनल 1 यांच्यामध्ये धावपट्टी असल्याने एकीकडून दुसरीकडे रस्त्याने वळसा घालून जावे लागते. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, तेव्हा विमानाच्या तिकिटावर बीओएम (मुंबई) लिहिले आहे की एनएमआय (नवी मुंबई) हे आधी वाचावे. बोरिवलीकडे जाणाऱ्या अनेक बस विमानतळाच्या आत न शिरता पश्चिम द्रुतगती महामार्गावरच प्रवाशांना उतरवतात. दादरच्या शिवनेरीने जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तिथे रिक्षा मिळत नाही, कारण वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षांना परवानगीच नाही. टॅक्सी करावी किंवा मेट्रो 3 चे दादर स्थानक गाठावे. ही मेट्रो दोन्ही टर्मिनलांपाशी थांबते, मात्र रात्रभर धावत नाही. पुण्यातही असाच घोळ होतो: शिवाजीनगरचे एसटी स्थानक 2019 च्या अखेरीस मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलवले, तरी जुन्या जागी जाऊन उभे राहणारे अजून भेटतात.

सामानाचे म्हणाल तर पासपोर्ट, औषधे आणि चार्जर असलेली पिशवी डिकीत टाकू नये. एकदा महामार्गावर उतरताना क्लीनरने माझ्या हाती एक काळी बॅग ठेवली. हँडलला लाल रिबन होती, माझ्याही बॅगेला होतीच. बस हलणार इतक्यात चाकांकडे लक्ष गेले, माझ्या बॅगेचे एक चाक तुटके होते आणि या बॅगेची चारही धड होती. तेव्हापासून मी रिबन न बांधता झाकणावर पांढऱ्या रंगाने आडनाव लिहितो आणि डिकी उघडली की स्वतः खाली उतरतो.

गाडी कोंडीत अडकलीच, तर घाबरून द्रुतगती मार्गावर उतरू नये. तिथे पायी चालणे धोक्याचे आहे आणि दुसरे वाहन मिळण्याची आशाही नसते. वेब चेक-इन राहिले असेल तर ते फोनवरून उरकावे, विमान कंपनीला कळवावे आणि वाशी किंवा चेंबूर आले की टॅक्सी धरावी. फूड मॉलवर उतरताना बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवावा, कारण तिथे एकसारख्या दहा-बारा बस उभ्या असतात.

परतीच्या प्रवासात चूक होते ती घाईची. परदेशातून येताना इमिग्रेशन, बेल्टवरचे सामान आणि कस्टम्स यांत सहज दीड तास जातो, म्हणून विमान उतरण्याच्या वेळेनंतर निदान अडीच-तीन तासांनीच बस ठरवावी. रात्री 11:40 ला उतरणार असाल तर बसची तारीख दुसऱ्या दिवसाची हवी. आरक्षणात परदेशी सिमचा नंबर देऊ नये. ड्रायव्हर थांबा शोधून देण्यासाठी फोन करतो तो भारतातल्या नंबरवर, तेव्हा जुने सिम विमानातच फोनमध्ये घालावे आणि चाके जमिनीला टेकताच फोन सुरू करावा.