गणपती बघायला गावात जाताय? निघायच्या आधी एवढं उरका

पुण्यातले मानाचे पाच गणपती, मग दगडूशेठ, मग मंडई असा बेत असेल तर तयारी घरीच करायची, कारण एकदा बेलबाग चौकात शिरलात की खिशात हात घालायला जागा नसते, म्हणजे तुम्हाला नसते, खिसेकापूला बरोबर मिळते.

आधी फोन. पाकिटात हल्ली असतं काय, चार नोटा आणि जुनी बिलं, खरा माल फोनमध्येच. *#०६# डायल केलं की १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनची ओळख, येतो, दोन सिमवाल्या फोनला दोन येतात, दोन्ही कागदावर लिहून घरी ठेवा (त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवणारे महाभाग पण आहेत, त्यांना काय बोलणार). मग सेटिंगमध्ये जाऊन सिमला पिन लावा, हे फारसं कोणी करत नाही, पण फोन लॉक असला तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की तुमचे ओटीपी थेट चोराकडे. आधीचा पिन माहीत नसेल तर अंदाजाने ठोकत बसू नका, तीनदा चुकलं की सिम पीयूके मागतं, म्हणजे सिम परत उघडायचा कंपनीकडचा कोड. लॉक स्क्रीनवर मेसेज दिसतात तेही बंद करा.

पाकीट पुढच्या खिशात, त्यात एकच कार्ड, बसच्या तिकिटाचे सुट्टे वेगळे. सॅक पोटावर. आईचं गंठण कपाटात, "सणासुदीला गळा मोकळा ठेवू का" हे ऐकून घ्यायचं आणि काळ्या मण्यांची साधी पोत पुढे करायची.

जाताना बसमध्ये चढताना जास्त जपा. टोळीतला पुढचा पायरीवर मुद्दाम अडतो, चप्पल निघाल्यासारखं करतो, मागून रेटा येतो, तुम्ही वैतागून पुढे बघताय तेवढ्यात तिसरा हात साफ करून खाली उतरलेला असतो. त्यामुळे चढताना एक हात दांडीला, दुसरा फोनवर, कितीही विचित्र दिसलं तरी.

आणि गेलाच फोन, तर सोबतच्याच्या मोबाईलवरून लगेच सिम आणि यूपीआय बंद करायचं, म्हणून बँकेचा हेल्पलाइन नंबर त्याच्याकडे आधीच सेव्ह हवा, खात्यातून पैसे उडाले तर १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. मग पोलिसात तक्रार, त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक, तिथे तक्रारीची कॉपी लागते आणि ओटीपी येतो, त्यामुळे सिम आधी, पोर्टल नंतर.