फिकट वाइन आणि माझा गेलेला पेपर

ब्लाइंड टेस्टिंगच्या, म्हणजे लेबल न पाहता वाइन ओळखायच्या परीक्षेत समोर ग्लास आला. रंग विटकरी, कडेला नारिंगी झाक, खालच्या कागदावरची अक्षरं आरपार दिसत होती. मी लगेच लिहून मोकळी: "जुनी, दम गेलेली, ऑक्सिडाइज्ड (हवेने बिघडलेली)." ती होती स्पेनच्या रिओहा भागातली, व्हिन्या तोंदोनिया या बागेची रिझर्वा. पेपर गेला. अजून आठवलं की पोटात कालवतं.

क्रिआंथा, रिझर्वा, ग्रान रिझर्वा हे वाइन किती मुरवली त्याचे स्पॅनिश दर्जे, त्यांची वर्षं तुम्हाला पाठ असतीलच. पण ती किमान मर्यादा आहे हो! रिओहात रिझर्वाला एकूण 3 वर्षं लागतात, त्यातलं 1 पिंपात आणि 6 महिने बाटलीत काढले की नियम संपला. आरो गावचे वाइनवाले लोपेझ दे एरेदिया मात्र तोंदोनियाची रिझर्वा सुमारे 6 वर्षं पिंपात ठेवतात.

आता रंगाचं, सावकाश वाचा. लाल रंगद्रव्यं टॅनिनला, म्हणजे वाइनमधल्या तुरट द्रव्याला चिकटतात, जड होतात, गाळ होऊन तळाशी बसतात. इथे वर्षातून दोनदा वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढतात, गाळ मागेच राहतो. पुढे अंड्याचा पांढरा बलक घालून ती निवळतात, त्यात आणखी टॅनिन जातं. लाकडातून हवा झिरपत असतेच. एवढं झाल्यावर रंग गडद राहील कसा? लोणचं मुरल्यावर काळपट पडतं, म्हणून आपण बरणी फेकतो का?

माझे एक सर ग्लास रंगाच्या तक्त्याशेजारी धरून निकाल सांगायचे. अशा गुरूंपासून लांब राहा. सीनियरच्या नोट्सही नकोत, त्यांच्या चुका फुकट मिळतात.

खरी गेलेली वाइन नाकाला कळते: कापून ठेवलेल्या सफरचंदाचा शिळा वास, आणि घोटाचा शेवट सपाट. तोंदोनियात सुकी चेरी, चामडं आणि चक्क सुकं खोबरं येतं. खोबरं अमेरिकन ओकचं. पिंपं लोपेझ दे एरेदिया स्वतःच्या कारखान्यात बनवतात. चुकलात तरी घाबरू नका, नाक तयार होतं. माझं झालं म्हणजे कुणाचंही होईल.

हे घराणं 1877 पासूनचं. फिलॉक्सेरा या वेलींच्या किडीने फ्रान्सच्या बागा पोखरल्या तेव्हा फ्रेंच व्यापारी वाइन शोधत आरोला येत. राफाएल लोपेझ दे एरेदिया यांनी तिथल्या रेल्वे स्टेशनाजवळच बस्तान मांडलं. तोंदोनियाची बाग एब्रो नदीच्या वळणात, 100 हेक्टरहून मोठी, मुख्य द्राक्ष टेम्प्रानिओ. तळघरातली कोळ्यांची जाळी मुद्दाम काढत नाहीत, कारण बुचं पोखरणारे पतंग कोळी खातात. मला तर तो गलथानपणाच वाटला असता!

बाटली महाग आहे. आम्ही सहा जणांनी वर्गणी काढली, आदल्या दिवशी ती उभी ठेवून गाळ बसू दिला. वाट्याला सव्वाशे मिली आली. त्यातली अर्धी मी बशीने झाकून सकाळपर्यंत ठेवली. चहाआधी घोट घेतला तर जिभेच्या कडा आदल्या रात्रीसारख्याच आंबटपणाने झोंबल्या, म्हणजे दम गेलेला नव्हता.