नाशिकमध्ये मुलांचा फ्लॅग फुटबॉल संघ कसा उभारावा आणि कसा टिकवावा

नाशिकमध्ये मुलांचा अमेरिकन फुटबॉल संघ काढू पाहणाऱ्याने आधी ब्रिटनकडे नीट पाहावे, कारण दुसऱ्याच खेळांचे वेड असलेल्या देशात हा खेळ रुजवताना येणाऱ्या बहुतेक अडचणी तेथील संघांनी गेल्या चार दशकांत अनुभवल्या आहेत. १९८२ मध्ये चॅनल फोर या वाहिनीने एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे सामने दाखवायला सुरुवात केली आणि त्यानंतर तेथे गावोगावी संघ निघाले. ३ ऑगस्ट १९८६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉइज या अमेरिकी संघांचा सामना पाहायला ८२ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. १९९१ मध्ये लंडन मोनार्क्सने त्याच मैदानावर पहिला वर्ल्ड बोल, म्हणजे तेव्हाच्या वर्ल्ड लीगचा अंतिम सामना, जिंकला, पण १९९८ च्या हंगामानंतर हा व्यावसायिक संघही बंद झाला.

मोठे संघ पैसा आणि प्रेक्षक आटल्यावर बुडतात. तेथील मुलांचा संघ त्याहून साध्या कारणाने बंद पडतो आणि ते कारण पहिल्याच वर्षी ओळखता येते. एखादा पालक किंवा जुना खेळाडू पुढाकार घेतो, एकाच परिसरातील साधारण एकाच वयाची मुले जमतात, दोन-तीन वर्षे एकत्र सराव करून ती जिंकू लागतात आणि संघ सर्वांत बलवान असतो त्याच्या पुढच्याच वर्षी ती सगळी मुले वयोमर्यादा ओलांडून विद्यापीठात निघून जातात. खाली दुसरी फळी नसते. बहुधा प्रशिक्षकाचे स्वतःचे मूलही त्याच तुकडीत असते, त्यामुळे त्याचाही ओढा कमी होतो. मग खेळाडू पुरेसे नाहीत म्हणून सामने सोडून द्यावे लागतात आणि उरलेली मुले शेजारच्या संघात जातात. ब्रिटनमध्ये लहान मुलांचा शिरस्त्राण-पॅड घालून खेळायचा सामना अकराऐवजी पाच-पाच जणांचा ठेवण्याची पद्धत बराच काळ होती, त्यामागेही खेळाडूंची हीच चणचण असावी.

नाशिकमध्ये धक्काबुक्कीच्या पूर्ण खेळाने सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिरस्त्राणे आणि खांद्याचे पॅड महाग असतात, मुलांची उंची वाढली की ते बदलावे लागतात आणि डोक्याच्या दुखापतीची जबाबदारी पेलणारी वैद्यकीय व्यवस्था नव्या संघाकडे नसते. याच खेळाच्या फ्लॅग फुटबॉल या सौम्य प्रकारात प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू असतात आणि चेंडू नेणाऱ्याला पाडण्याऐवजी त्याच्या कमरेच्या पट्ट्याला लावलेली फीत ओढली जाते. त्यासाठी पट्टे, काही चेंडू, खुणेचे शंकू आणि माउथगार्ड एवढे साहित्य पुरते. आंतरराष्ट्रीय मैदान दोन्ही टोकांचे एंड झोन, म्हणजे गुण मिळवण्याचे पट्टे, धरून ७० यार्ड लांब आणि २५ यार्ड रुंद, म्हणजे सुमारे ६४ बाय २३ मीटर असते, त्यामुळे मध्यम आकाराच्या शाळेचे मैदानही चालते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात हा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी स्वीकारला गेला. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटायला जाताना ही गोष्ट अवश्य सांगावी.

भरती करताना वरच्या वयाच्या मुलांचा मोह टाळावा. शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट पालकांच्या परिचयाचे आहेत, त्यांतील पहिले दोन गट एकाच वेळी सुरू करावेत आणि धाकट्या गटात थोरल्यापेक्षा जास्त मुले ठेवावीत. ब्रिटनमध्ये जी गळती विद्यापीठामुळे होते ती आपल्याकडे दहावीपासूनच सुरू होते, कारण शिकवण्या लागल्या की संध्याकाळचा सराव बंद होतो आणि बारावीनंतर अनेकजण पुण्या-मुंबईला जातात. म्हणून दरवर्षी जूनमध्ये पुढील दोन वर्षांत कोण बाहेर पडणार याची यादी करावी आणि तितकी नवी मुले दिवाळीपूर्वी घ्यावीत. सिडको, सातपूर, पंचवटी किंवा नाशिकरोड यांपैकी एकच भाग निवडून तेथील दोन-तीन शाळांशी कायमचा संबंध जोडावा. शहरभर विखुरलेली मुले पहिल्या पावसातच येईनाशी होतात.

ब्रिटनमधील क्लबांचा हंगाम वसंत आणि उन्हाळ्यात असतो, तो तेथील हवामानाला धरून. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीची मैदाने चिखलाची होतात, तेव्हा जून ते सप्टेंबर शाळेच्या सभागृहात नियम आणि पासिंग शिकवावे आणि सामने ऑक्टोबर ते जानेवारी या काळात, परीक्षांचा ताण वाढण्यापूर्वी घ्यावेत. २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात मोकळ्या जागांवर ताण येणार हे धरून मैदानाची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवावी.

संघ एका माणसावर चालू ठेवू नये, या एका गोष्टीबाबत मी कोणतीही सवलत मान्य करणार नाही. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे किमान सात सदस्य लागतात. त्यांत ज्यांची मुले संघात नाहीत असे निदान दोघे असावेत, म्हणजे एक तुकडी बाहेर पडली तरी कार्यकारिणी रिकामी होत नाही. बँक खात्यावर दोन सह्या, साहित्याची नोंदवही आणि दरवर्षीचे लेखापरीक्षण यांत टाळाटाळ करू नये. ब्रिटनमध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रशिक्षकांची पूर्वचरित्र तपासणी होते. आपणही पोलीस पडताळणी करून घ्यावी आणि सरावाला नेहमी दोन प्रौढ हजर ठेवावेत. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवू नये, त्याने कितीही हट्ट केला तरी.

इतके करूनही सलग दोन हंगाम धाकट्या गटात दहा मुले जमली नाहीत, तर शेजारच्या संघात विलीन होण्याची बोलणी संघ चालू असतानाच सुरू करावीत. बंद करायचे ठरले तर हंगामाच्या मध्यात करू नये. शेवटचा सामना झाल्यावर पालकांची सभा घ्यावी, आगाऊ घेतलेली वर्गणी परत करावी, पट्टे आणि चेंडू ज्या शाळेने मैदान दिले तिच्याकडे यादीसह सोपवावेत आणि हिशेब पूर्ण करून धर्मादाय आयुक्त कार्यालयात सादर करावेत.