जांभळीतलं रक्त लालमध्ये

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून धुळ्यात एका लॅबमध्ये नोकरीला लागलो. तिसऱ्याच आठवड्यात एका आजींची शीर सापडेना. जांभळ्या झाकणाची ट्यूब भरली, लाल झाकणाचीत मात्र जेमतेम चार थेंब. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी जांभळीतलं थोडं लालमध्ये ओतलं.

पोटॅशियम आलं ९.२, फारच जास्त, आणि कॅल्शियम ५, फारच कमी. सीनिअर ताईंनी आकडे बघितले आणि विचारलं, "ओतलंस ना?" जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियमयुक्त ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते रक्त गोठू नये म्हणून कॅल्शियम बांधून ठेवतं, शिवाय स्वतःचं पोटॅशियम त्यात मिसळतं. हे कॉलेजात मी पाठ केलं होतं, पेपरात लिहूनही आलो होतो! आकडे खरे असते तर आजी स्वतःच्या पायांनी घरी गेल्या नसत्या. संध्याकाळी त्यांच्या दारात उभा राहिलो. "आते काय व्हयनं रे भाऊ?" काय झालं ते सांगितलं, हात जोडले आणि पुन्हा रक्त घेतलं.

आता शहादा, अमळनेरची पोरं विचारतात, लॅब कशी निवडायची. पगाराचं नंतर बघा, आधी रिपोर्टवर सही कोण करतं ते विचारा. पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलंय. माझ्या दुसऱ्या नोकरीत ड्रॉवरमध्ये सह्या केलेले कोरे लेटरहेड होते. डॉक्टरसाहेब मी दोन महिन्यांत एकदाही पाहिले नाहीत. सोडली. शेवटचा पगार बुडाला तो बुडालाच. मशीनवर रोज कंट्रोल (मशीन बरोबर आकडे देतंय का ते तपासायचा, आधीच आकडे ठाऊक असलेला नमुना) लावतात का, हेही बघून घ्या.

सध्या नंदुरबारला आहे. इथे भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच. सोल्युबिलिटी ही त्याची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून 'आजार आहे' म्हणायचं नाही; व्यक्ती नुसती वाहक आहे की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचण्यांशिवाय कळत नाही. मागे एक गृहस्थ काउंटरवर आले, सोयरीक चालू असलेल्या मुलीचा सिकलसेलचा रिपोर्ट मागायला. "आम्ही घरचेच," म्हणाले. मी म्हटलं, काका, रिपोर्ट तिच्याच हातात मिळेल. बरंच बोलून, मालकांकडे तक्रार करून गेले. मालकांनी मला काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आईला घेऊन आली, इलेक्ट्रोफोरेसिससाठी रक्त द्यायला.